टिंबशेठ रुसल्यावर आलेला ट्रक

चि. टिंबशेठ यास,

तुझ्या भावोजींचे अनेक आशीर्वाद. मावशींना माझा साष्टांग नमस्कार सांग. त्यांचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का? तुझा खोकला काय म्हणतो? आम्ही इकडे मजेत आहोत. तुझ्यावाचून काही म्हणता काही अडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच तुझ्या डोक्यात हवा जायला नको.

आपल्या दुकानाची रीत तुला ठाऊकच आहे, पण मावशी पत्र वाचायला मागतील (आणि तू दिलं नाहीस तरी वाचतील), म्हणून लिहितो. गालिचा घालायची खोली मोजायची तुझ्या ताईनं, मापांतली दशांशाची टिंबं नाहीतच असं समजून गुणाकार ठोकायचा मी, आणि मग दोन्ही मापांत टिंबापुढे मिळून किती आकडे आहेत ते मोजून उत्तरात टिंब ठेवायचं तू. इतकी वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं. आणि मग त्या दिवशी मी पाहुण्यांसमोर बोलून गेलो, की खरी मेहनत गुणाकाराची. टिंब काय, माशीसुद्धा ठेवून जाते! तू भरल्या ताटावरून उठलास तो थेट मावशींकडे. एवढं लागेल असं वाटलं नव्हतं रे.

तू गेलास आणि दातांच्या डॉक्टरांचं काम आलं. पेशंट बसतात ती खोली, ६.५ मीटर लांब, ४.२ मीटर रुंद. पासष्ट गुणिले बेचाळीस, दोन हजार सातशे तीस, तेही तोंडी (बोटं थोडी वापरली, पण टेबलाखाली). राहिलं टिंब. शेवटी एक शून्य लोंबत होतं, म्हटलं याला कोण विचारतो, दिलं उडवून. उरले २७३. मग तुझ्यासारखंच ऐटीत उजवीकडून दोन आकडे मोजले आणि टिंब ठेवलं: २.७३. कारखान्यानं बिचाऱ्यानं तेवढाच तुकडा पाठवला. अंथरला, तर त्यावर एक खुर्ची मावली आणि बाकीच्या उघड्यावर. डॉक्टर किडलेल्या दाढेकडे बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले.

तुझी ताई म्हणाली, टिंब उजवीकडे सरकवा. किती ते ती सांगणार, तोवर "कळतं मला!" म्हणून मी निघालोही होतो. आता अब्रूचा प्रश्न, चिंगूसपणा नको, म्हणून चांगलं दोन घरं सरकवलं. दोनशे त्र्याहत्तर! ट्रक आला, बाबा. गल्लीत वळेना. कापलेला माल कारखाना परत घेत नाही, हे तुला सांगायला नकोच. डॉक्टरांची खोली झाली आणि उरलेला सगळा गालिचा आपल्या घरात शिरला. स्वयंपाकघरात गालिचा, जिन्यावर गालिचा, माळ्यावर गालिचा. मागच्या खोलीत तर थरावर थर चढवले, त्यामुळे मागचं दार उघडतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तुझ्या ताईची पावलं ऐकू येत नाहीत. पूर्वी ती येतेय हे कळायचं आणि साखरेच्या डब्यातला हात वेळेवर निघायचा. आता रोज रंगेहाथ सापडतो.

ती माझ्याशी बोलत नाही. बोलली ती एकदाच: सोमवारी वाचनालयाची ऑर्डर जायची आहे, तीही चुकली तर दुकानाची पाटी उतरवून ठेवा. आणि ती थट्टेत बोलत नव्हती. दुसरा असा ट्रक आपलं दुकान सोसणार नाही, हे मलाही कळतं.

बाकी सर्व क्षेम. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही, हे वर लिहिलंच आहे.

तुझा,
भावोजी

ता. क. वाचनालयाची खोली १२.५ गुणिले ८.४. गुणाकार करून ठेवलाय: १०५००. या खेपेला शेवटी दोन शून्यं आहेत. त्यांना हातसुद्धा लावलेला नाही. टिंब ठेवलेलं नाही.

ता. क. २. काल खरंच एक माशी कागदावर येऊन बसली. मी श्वास रोखून बघत होतो. ती एकच्या आकड्यापुढे बसली: १.०५००. म्हणजे एवढ्या मोठ्या वाचनालयाला जेमतेम पायपुसणं! माशीला नाही जमत रे. माशीचं ते वाक्य मी पाहुण्यांसमोर बोललो होतो, आता त्याच पाहुण्यांना परत बोलावून उलटं सांगायला तयार आहे.

ता. क. ३. टिंब पत्रातून पाठवू नकोस. तू ये. तुझ्याशिवाय दुकानात मुळीच करमत नाही. मागच्या दारानं येऊ नकोस, ते गालिच्यानं अडलंय. पुढचं उघडंच ठेवलंय.