माईकवर घेतलेलं नाव

आई, आज मी तुझ्यावर राग काढायला बसलेय. तुला जाऊन एकतीस वर्षं झाली, म्हणजे उलटून बोलायची सोय नाही तुला. अशी संधी मी सोडीन होय? सातवीतून शाळा सोडवलीस, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर तोंड वाकडं करायचं नाही.

काल दुपारी नातीनं मला आदर्श नगरात एका चहाकॉफीच्या दुकानात नेलं. वर गच्ची, गच्चीवर मांडव, मांडवात माईक. म्हणाली, "आजी, तू चल ना, इथं लोक आपापल्या प्रेमाच्या कविता बोलतात. मतलब, मुलगा मुलाच्या, मुलगी मुलीच्या. तुला शॉक तर नाही ना लागणार?" मी म्हणलं, "चहा फुकट आहे ना? मग लागू दे." पोरगी इथंच जयपुरात वाढली, तिचं मराठी अर्धं हिंदीच, पण गोड बोलते. माझ्या लेकाला खरं न सांगता गेलो आम्ही. त्याला देवळात जातो म्हणून सांगितलं.

तिथं टाळ्या वाजवत नाहीत, चुटक्या वाजवतात. आधी मला वाटलं कुत्र्याला बोलावतायत. मग झोटवाड्याचा एक पोरगा उठला, कारखान्यात लेथवर काम करतो म्हणे. दुसऱ्या पाळीला येणाऱ्या पोरावर त्याची कविता. आवाज फुटेना. पुढच्या खुर्चीत त्याची आई, डोक्यावर ओढणी, मांडीवर भाजीची पिशवी. ती सगळ्यांदेखत ओरडली, "ज़ोर से बोल बेटा, पीछे तक नहीं जा रहा!" सगळे हसले, पोरगाही हसला, आणि मग तो खणखणीत बोलला. त्या बाईकडं बघून मला तुझा असा राग आला, आई, की हातातला कप खाली ठेवावा लागला.

तुला आठवतंय का? शेजारी नवी नवरी आली होती. बायकांनी दार अडवून नाव घ्यायला लावलं तिला, ती लाजली, आणि मग टवाळीत आम्हा पोरींनाही म्हणाल्या, घ्या गं तुम्हीपण. कुणी भोपळ्याचं नाव घेतलं, कुणी मास्तरांच्या सायकलचं. मी सोळाची. माझी मैत्रीण समोरच तांदूळ निवडतेय, मान खाली, कानाच्या पाळ्या लाल. मी म्हणलं, "शेंगा भाजल्या आरावर, मीठ लावलं चवीला, अमकीचं नाव घेते, सांगा जाऊन गावाला." अमकीच्या जागी तिचं खरं नाव घेतलं होतं मी. बायका थट्टा समजून हसून लोळल्या. तू नाही हसलीस. तुला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी नाही, तू ओळखलंस, म्हणजे तू मला किती नीट बघत होतीस! त्याचंच जास्त दुखतं.

घरी आल्यावर तू चुलीपुढं बसलीस. तव्यावरची भाकरी उलटलीस, आणि तेच उलथनं माझ्या तोंडापुढं धरलंस. "जीभ काढ." मी काढली. धग लागत होती, उलथनं नाही. "पुन्हा ते नाव ह्या जिभेवर आलं तर बघ." मग उतरंडीतल्या मडक्यातलं दही वाढलंस मला, मऊ हातानं. पंधरा दिवसांत तिच्या आईला तूच स्थळ सुचवलंस, लांबच्या गावचं. पाठवणीला मला जाऊ दिलं नाहीस, आणि स्वतः मात्र तिची ओटी भरून आलीस. माझं लग्न ठरलं तेव्हा शाळेतल्या बाईंकडून एक वही लिहून आणलीस, अकरा उखाणे, सगळ्यात नवऱ्याच्या नावाची जागा कोरी सोडलेली. रोज रात्री भांडी घासताना ते माझ्याकडून घोकून घेतलेस. गावात लोक म्हणाले, काय हौशी आई आहे!

तर काल नातीनं माझं नाव तिथं देऊन टाकलं. "आजी, तू उखाणा बोल ना, प्लीज." सूत्रसंचालन करणारा पोरगा, कानात डूल, मला हात धरून माईकपाशी घेऊन गेला. "दादीजी, किसके लिए?" मी म्हणलं, "पहले सुन तो ले, फिर चुगली करना." हसले सगळे. मी उभी. आणि मला कळलं, आई, की इथं एकालाही मराठी येत नाही. नातीला येतं ते निम्मं. काहीही बोलले असते तरी चाललं असतं. शेंगा ओठावर आलेल्या. आणि तोंडातून निघालं, "कोऱ्या लुगड्याची घडी मोडते हळदीला, अमुकरावांचं नाव घेते, मान देते वडलांच्या शब्दाला." तुझ्या वहीतला चौथा. चुटक्याच चुटक्या. "सो क्यूट, दादीजी!" नवरा बिचारा भला माणूस होता, त्याच्यावर माझा राग नाही. जिवंतपणी गॅसच्या लायनीत त्याला पुढं करायचे, काल मेल्यावरही केला.

रिक्षात नात मला निरखून बघत होती. मग म्हणाली, "आजी, तू दुसरं काहीतरी बोलणार होतीस ना? तुझा चेहरा तसा झाला होता." ही पोर मला तुझ्यासारखी नीट बघते. फक्त हिच्या हातात उलथनं नाही. सांगायची वेळ हीच होती. मी म्हणलं, "अगं, चहात साखर कमी होती, तेच बोलणार होते." ती हसली, माझ्या समाधानासाठी. तिनं तिची स्वतःची कविता काल वाचली नाही, पर्समध्ये घडी तशीच होती. माझ्यानंतर तिचा नंबर होता.

हे कुठं पाठवायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. तरी ह्या अख्ख्या कागदावर तिचं नाव नाही बघ. दोनदा लिहायला गेले. दोन्ही वेळा पेन टेकवायच्या आधी मागं वळून बघितलं.