बेपत्ता ग्लॅडिस

विमानतळ, लिंकनशायर
३ डिसेंबर १९४२

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तार मिळाली असेल. सोमवारी रात्री जर्मनीवर बॉम्ब टाकायला गेलेलं आपल्या विल्फचं विमान परतलं नाही. सातही जण बेपत्ता आहेत. बेपत्ता म्हणजे मेले असं नव्हे. नियमातच तसं लिहिलंय. मी इथल्याच कचेरीत आहे, काही कळताच कळवीन. आईला जपा.

तुमच्या आशीर्वादाची आस असलेली,
ईनिड

यॉर्कशायर, ५ डिसेंबर

चि. ईनिडला अनेक आशीर्वाद.

पोरी, तारा दोन आल्या. दुसरी ग्लॅडिसची! 'आपली कबुतरी कामगिरीवर बेपत्ता. वायुदल आपल्या दुःखात सहभागी आहे.' ती वाचताना ग्लॅडिस माझ्या टोपीवर बसली होती. विमान समुद्रात पडलं तर चिठ्ठी बांधून सोडायला तुझा भाऊ तिला डब्यात घालून नेतो ना? मंगळवारी दुपारी उडत घरी आली. पंख तेलाने माखलेले, पायाला बांधलेली चिठ्ठीची नळी रिकामी. शेजारचा एन्टविसल म्हणतो, तिची पण शोकसभा घेऊ या. हाकलला त्याला.

तू घरातली पहिली पदवीधर. साहेबाला समजाव, मयत इथे वाटाणे खातेय.

माया आहेच,
बाबा

९ डिसेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

साहेब म्हणाले, कबुतर परतल्याच्या फॉर्मवर वायरलेसवाल्याची सही हवी. मी म्हटलं, तो विल्फच, आणि तो बेपत्ता आहे. ते म्हणाले, मग कबुतरीही बेपत्ता. बाबा, ही लढाई नियम पाळणारेच जिंकतील असं मी मानते. पण काल रात्रभर झोप लागली नाही.

तुमची,
ईनिड

१२ डिसेंबर

चि. ईनिडला आशीर्वाद.

फॉर्म गेला खड्ड्यात. तुझी आई चार दिवस एकच विचारतेय: ग्लॅडिसच्या त्या डब्याची कडी आतून असते की बाहेरून?

बाबा

१५ डिसेंबर

ती. बाबांना व आईला सा. न. वि. वि.

बाहेरून. भांडारात जाऊन मी स्वतः पाहिलं. घट्ट असते, मला दोन्ही हात लागले. म्हणजे विमान पडल्यावर कुणाचे तरी हात शाबूत होते. साहेब म्हणाले, कबुतरीने चोचीने उघडली असेल. मी म्हटलं, लेखी द्या. दिलं हो त्यांनी, शिक्क्यासकट!

आज विल्फची ट्रंक बांधून घरी पाठवायचं काम माझ्याकडे आलं. पत्त्याच्या रकान्यात मी आपलं घर लिहिलं नाही. 'मालक स्वतः येऊन नेईल' असं लिहिलं, खाली सही केली.

आईला एवढं दोनदा वाचून दाखवा.

तुम्हा दोघांची,
ईनिड