आईचं बोट

रविवार, संध्याकाळ. झरी.

आज आईला सोबत नेऊन परभणीहून तिच्यासाठी छोटा टॅब आणला. दुकानात दोन अगदी सारखे होते. मी अर्धा तास मेमरी, बॅटरी विचारत बसलो. शेवटी आई म्हणाली, "सरक, मला हात लावून बघू दे."

कापूस वेचून तिच्या बोटांना लय भेगा पडल्यात. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी उठत नाही. पहिल्या टॅबनं तिच्या बोटाला दादच दिली नाही. दुसऱ्यावर बोट टेकताच गाणं सुरू झालं.

"ह्योच द्या," ती म्हणाली. मला हे आधी का सुचलं नाही?

आता दारात बसून शेजारणींना दाखवायलीय. मी मदतीला गेलो, तर माझा हात बाजूला सारला. "तू ऱ्हाऊ दे. ह्यो माझं बोट वळखतो."