आईचं पुस्तकातलं नाव

रवि., २ नोव्हें.
या घरात माझ्या हातचं: खिडक्यांचे सगळे ग्रिल (एकाही जोडावर वेल्डिंगचा गोळा दिसणार नाही). जिन्याचा कठडा. टाकीचा स्टँड. पुस्तकांचं कपाट. आईची लोखंडी खाट, उंची तिच्या गुडघ्याला मापून. आणि आजपासून रेणुका मॅडमच्या पुस्तकाचं मराठी. शेवटचं प्रकरण सकाळी संपलं.
शाळा दहावीपर्यंत. इंग्रजी डिक्शनरीतून शिकलो, ती डिक्शनरीही मॅडमनीच दिलेली. मी सातवीत होतो तेव्हा त्या अभ्यासासाठी आमच्या गावात राहायला आल्या. आमच्याच घरी जेवायच्या. बाजारात बसून बायकांशी बोलायच्या, लिहून घ्यायच्या. त्याचं पुस्तक झालं, इंग्रजीत. कुठकुठल्या देशांत शिकवतात. आमच्या गावात मात्र ते एकानंही वाचलेलं नाही. म्हणून हा खटाटोप.

बुध., ५ नोव्हें.
आईला प्र. ५ वाचून दाखवलं. ती खाटेवर, मी खाली.
आपल्या बायकांनी बाजारात गुरांच्या पलीकडं बसायचं, हा रिवाज. एक बाई मिरच्यांची पाटी घेऊन मधल्या रांगेत बसते. एक जण येऊन पाटी लाथाडतो. ती मिरच्या गोळा करते, तिथंच बसते. कुणी घेत नाही. पुढच्या बाजाराला पुन्हा तिथंच. त्याच्या पुढच्यालाही.
आई मान हलवत होती. "मिरच्याच व्हत्या. बरोबर लिवलं बाईनं."
संपल्यावर विचारलं, कसं वाटलं?
"लई चांगलं हाय. पर ही सोनाबाई कोन रं? माझ्या जागी ही कशी काय येऊन बसली?"
सांगितलं, सोनाबाई म्हणजे तूच. मॅडमनी सगळ्यांची नावं बदलली, गावाचंही. कुणाला त्रास नको म्हणून.
"मला इचारलं व्हतं?"
नव्हतं विचारलं. मला हे माहीत होतं, पण तिला कधी सांगायचं सुचलं नाही. इतकी वर्षं नुसतं म्हणत आलो, आई, तुझी गोष्ट पुस्तकात आहे.

शुक्र., ७ नोव्हें.
आज ताटावर बसल्यावर आई सुरू झाली.
"मायबापानं धोंडी म्हनलं. सासरी आले तर गंगू केलं. दीक्षा घेतली तवा म्या सवता ठिवलं, विशाखा. कुनाला इचारलं नाय. मास्तरानं तुझ्या नावापुढं आईचं नाव गंगूबाई लिवलं, तर त्याला खोडाया लावलं. आन् आता बाईनं चौथं ठिवलं!"
माझी बायको सुनीता भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आत्याबाई, सोनाबाई काय वाईट नाव नाही."
"मग तू घे."
सुनीता पदर तोंडाला लावून आत. मी पाणी प्यालो.

रवि., ९ नोव्हें.
हैदराबादची मुलगी आली. फुटपाथवर बसून विकणाऱ्या बायकांवर पीएच.डी. करतेय. मॅडमनी आधी फोन करून आईला विचारलं, मगच पाठवली. पिशवीत तीन जाड पुस्तकं. एक मासळीबाजारावर, एक बांगडीवाल्यांवर, एक आफ्रिकेतल्या कुठल्या शहरावर. तिन्हींत मॅडमचा दाखला. तिन्हींत आईचा शब्द जसाच्या तसा, तिरप्या अक्षरात: ठाण. (आई मॅडमना म्हणाली होती, "म्या आपलं ठाण मांडलं." मॅडमनी त्याचं इंग्रजी केलंच नाही. अख्खं प्रकरण त्या एका शब्दावर उभं आहे.) लांबच्या बंदरातल्या बाईचं बसणंसुद्धा लोक आता आईच्या शब्दात मांडतात. मी तिन्ही पानांवरून बोट फिरवलं.
मुलगी आईच्या पाया पडली. "अम्मा, आप ही सोनाबाई?"
"नै. मैं विशाखा. सोनाबाई किताब में रहती."
मुलगी हसली. "हमारे क्लास में सब सोनाबाई बोलते, अम्मा."
"कित्ते लोगां?"
"बहोत."
"सब को बोल दे."
ती गेल्यावर खाली वर्कशॉपात हात चालेना. मॅडम आल्या नसत्या, तर आईचं ते बसणं बाजार उठला तसं उठून गेलं असतं. माझंही वाचणं झालं नसतं. उपकार म्हटलं तर त्या रागावतात. दुसरा शब्द डिक्शनरीत सापडला नाही.

मंगळ., ११ नोव्हें.
मॅडमना नाशिकला फोन. लेकीकडं असतात हल्ली. भीत भीत सांगितलं.
त्या म्हणाल्या, "मिलिंद, नावं झाकायचा शब्द मी सगळ्या गावाला दिला होता. तुझ्या आईचं नाव उघडलं, की पाटी कोणी लाथाडली हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल."
म्हटलं, तो माणूस गेला आता.
"म्हणूनच. त्याला आता नाही म्हणता येत नाही."
पटलं. याच बाईंनी मला वाक्य दोन्ही बाजूंनी तपासायला शिकवलं.
मग त्याच म्हणाल्या: "पण तिला विचारायला हवं होतं मी. आम्हाला शिकवलंच तसं होतं, नाव झाकलं की माणूस जपला. आईला दे फोन."
आईचीच बाजू ऐकू आली. "बाई, जेवलात का?... व्हय... नाय, तुमच्यावर राग नाय. तुमी माझ्या घरात जेवलात, तवा कोन जेवत व्हतं?... पर नाव माझं हाय, बाई."

रवि., १६ नोव्हें.
गावी गेलो. पाचोडहून पुढं मोटरसायकलनं. पाटी लाथाडणाऱ्याचा नातू बंडू, शाळेत माझ्याच बाकावर असायचा. त्याच्याकडं मुद्दाम गेलो, त्याला न विचारता पुढं जाणं बरोबर नव्हतं. सगळं सांगितलं.
मोसंबीच्या बागेत उभा होता. पाइपाकडं बघत म्हणाला, "आज्याचं नाव टाकतो का?"
"नाही. त्याचं पुस्तकातलंच राहील."
"तरी लोकं वळखतील."
"ओळखतील."
त्यानं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात सोडलं. मग: "टाक मावशीचं. आज्या सवता सांगायचा ना मरायच्या आदी, त्या बाईम्होरं हरलो म्हनून. आमच्या घरात ठावं हाय, भाईर कळलं तर काय आभाळ पडंल?" चहाला थांबवून घेतलं. निघताना म्हणाला, "पुस्तक आलं की एक मला दे."
"विकत घे."
"लई भाव खातो बे तू."
मोसंबी दिली पिशवीभर. आईला म्हटलं, कुणी दिली ओळख. खाल्ली, आणि दुसरी सोलायला घेतली.

बुध., १९ नोव्हें.
मॅडमचा फोन. बंडूचं ऐकून म्हणाल्या, "हे मी पन्नास पानं लिहूनही दाखवू शकले नसते." होकार. नवी प्रस्तावना स्वतः लिहिणार: नाव तेव्हा का बदललं, आता का परत देत आहे. फोन ठेवल्यावर सुनीताला हाक मारली, ओरडलोच जवळपास. तिला वाटलं हात भाजला.

सोम., २४ नोव्हें.
प्रकाशक स्वतः वर्कशॉपात आले, पुण्याहून. सभ्य माणूस. भाषांतर बारकाईनं वाचलं होतं, दोन ठिकाणी मला सुचला नव्हता असा शब्द सुचवला. दोन्ही घेतले. मनापासून आभार मानले.
मग मुद्दा. इंग्रजी प्रकाशकाची परवानगी जसंच्या तसं भाषांतर करायची. मालिकेला अनुदान आहे, फेब्रुवारीत पुस्तक यायला हवं. "आणि सोनाबाई हे आता नुसतं नाव राहिलेलं नाही, कांबळेसाहेब. ती संकल्पना आहे. अभ्यासक्रमात तेच, संदर्भांत तेच. आपण नाव बदललं तर वाचक जोडणार कसं?"
म्हटलं, संकल्पना वर खाटेवर शेंगा सोलतेय. विचारून येता?
हसले. वर मात्र गेले नाहीत. पण त्यांचं खोटंही नाही, हे लिहून ठेवतो.
मॅडम म्हणतात, इंग्रजी प्रकाशकाला त्या नव्यानं लिहितील. उत्तर यायला वर्ष, दोन वर्षं, काही सांगता येत नाही. आई ऐंशीच्या घरात. डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही. आणि तिला वाचता येतं ते एवढंच, तिचं नाव.

गुरु., २७ नोव्हें.
आईपुढं दोन्ही मांडलं. सोनाबाई म्हणून फेब्रुवारीत, नाहीतर विशाखा म्हणून, कधी ते माहीत नाही. कदाचित...
वाटलं, ताडकन बोलेल. शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "तुजी मेहनत हाय, मिलिंदा. रात रात बसला तू. म्या काय सांगू."
जन्मात पहिल्यांदा माघार घेतली, तीही माझ्यासाठी.
मॅडमना कळवलं. म्हणाल्या, "मी तुझ्या जागी असते तर... नाही, मी नाही सांगत."
दुपारी प्रकाशकांना फोन करून नाही म्हटलं. आभार मानून. नाकारलं ते असं: भाषांतराचे सगळे हक्क एकरकमी, माझं नाव कव्हरवर मॅडमच्या नावाखाली त्याच आकारात, आत सोनाबाई. रुपये एक लाख ऐंशी हजार.