अखिल भारतीय अविवाहित मंडळ, शाखा चोपडा

मु. चोपडा, पूर्व खानदेश
चैत्र वद्य अष्टमी

ती. स्व. सौ. शेवंताअक्का हिचे चरणी धाकट्या पितांबरचा दंडवत. इकडे आम्ही दोघे खाऊनपिऊन ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींना सांग की धुळ्याच्या कोर्टातली पंख्याखालची खुर्ची कुणाला देऊ नका, यंदा ऊन वाईट आहे. मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की चोपड्यात मी कसलीशी संस्था काढली आहे असं ऐकतेस, ते खरं का. खरं आहे. पण ती मी काढली नाही, ती अंगावर येऊन पडली. सविस्तर लिहितो, म्हणजे कुणाकडून भलतंसलतं ऐकून तुझा जीव वरखाली होणार नाही.

आमचा धंदा तुला माहीतच आहे. मंडप, गॅसबत्त्या आणि आता बॅटरीवर चालणारा लाऊडस्पीकर. तालुक्यातली निम्मी लग्नं आमच्या कनातीखाली लागतात आणि आम्ही दोघे दुकानावरच्या खोलीत बिनलग्नाचे. (लोकांना यात फार मजा वाटते. पंगतीत वाढताना हमखास कुणीतरी विचारतं की तुमचा मंडप तुम्ही स्वतःसाठी कधी घालणार.) मिश्रीलालच्या घरची जळगावात कापडाची पेढी, घरात कांदालसूण वर्ज्य. ते सगळं सोडून तो माझ्याबरोबर बांबू मोजायला आला, याला आता सहा वर्षं झाली. तो मुगाची डाळ अशी करतो की तू बोटं चाटशील, आणि मी भरताची वांगी मागच्या अंगणात भाजतो, त्या वेळी तो नाकाला उपरणं लावून माझ्याशेजारी बसतो. उठून जात मात्र नाही.

तर संक्रांतीनंतर मिश्रीलालच्या आई, झमकूकाकी, एसटीने आल्या. बरोबर भुसावळच्या एका मुलीचा फोटो. मिश्रीलाल इतका घाबरला की पाणी द्यायचं सोडून त्याने त्यांच्या हातात गॅसबत्तीचा मँटल दिला. मग म्हणाला की आता लग्न करता येत नाही, मी अखिल भारतीय अविवाहित मंडळाला वचन दिलं आहे. काकींनी विचारलं, हे मंडळ कुठलं? तो म्हणाला, दिल्लीचं. इथला अध्यक्ष कोण? त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेव्हा शिडीवर होतो, अक्का. अध्यक्ष झाल्याचं मला शिडीवर कळलं.

काकी गेल्या, पण जाताना म्हणाल्या की पुढच्या खेपेला मंडळ बघीन. आता बघायला काहीतरी हवं. म्हणून तोताराम पेंटरकडून पाटी करून घेतली. त्याने 'अखिल भारतीय' इतकं मोठं काढलं की 'शाखा चोपडा' कोपऱ्यात मुंगीएवढं राहिलं, आणि गावाने समजून घेतलं की दिल्लीहून मुख्य कचेरीच इथे आली. पहिल्या आठवड्यात निंबा नावाचा एक बिनलग्नाचा पोरगा आला. त्याची समजूत अशी की इथे अविवाहितांच्या लग्नाची सोय लावून देतात. त्याच्यामागून मुलींचे बाप आले, कारण तालुक्यातले बिनलग्नाचे सगळे एका छपराखाली सापडतील असं त्यांना वाटलं. मी एकेकाला समजावून परत पाठवत होतो आणि मिश्रीलाल खाली बसून हसत होता. (त्याला हसायला काय झालं. अध्यक्ष मी होतो.)

पण त्यानंतर जी माणसं आली त्यांच्यापुढे हसू येईना. एरंडोलकडचा एक शिंपी आला, बराच वेळ कनातीच्या कापडाचा भाव विचारत बसला आणि जाताना पाटीकडे न बघता म्हणाला, असे आणखी आहेत का? मी म्हटलं, आहेत. तो एवढंच ऐकून गेला. पुढच्या बाजाराला परत आला आणि दोघांना एकेक सदरा शिवून दिला. मापं न घेता शिवलेले, तरी अंगाला बरोबर बसले.

मग आल्या पुष्पाबाई आणि बेबाबाई. पुष्पाबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण, बेबाबाई सरकारी दवाखान्यात सुईण. दोघी कितीतरी वर्षं एकत्र राहतात. भांडतातही तशाच, जीव लावून, मिठावरून. त्यांचे घरमालक चिंधाअण्णा यांनी पंधरवड्यात जागा सोडायला सांगितली होती. कारण काय, तर घरात पुरुष नाही, त्यातून दोघी लग्नाला नाही म्हणतात, लोक बोलतात. पुष्पाबाईंनी मला सरळ विचारलं की तुमचं मंडळ काही काम करतं, की नुसती पाटी आहे. नुसती पाटी आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, पण मिश्रीलाल मध्येच म्हणाला, करतं.

दुसऱ्या दिवशी गावातलंच एक लग्न आटोपून, त्या दोघींना बरोबर घेऊन, आम्ही परस्पर चिंधाअण्णांच्या दारात गेलो. सामानाची हातगाडी तशीच बरोबर, वर लाऊडस्पीकरचा कर्णा बांधलेला. माइक माझ्या हातात होता, कारण तो नाजूक असतो आणि तो हातात असला की मला बोलायला सुचतं. बॅटरीचा खटका चालू राहिला हे नजरचुकीनं झालं असं मिश्रीलाल अजून शपथेवर सांगतो. (जैन माणूस, एरवी कधी शपथ घेत नाही, तेव्हा काय ते तू समज.) मी सुरुवात केली की दिल्लीहून सूचना आली आहे, आणि माझा आवाज थेट गुजरआळीपर्यंत गेला. मी घाबरून माइक पुढे केला, तो बेबाबाईंच्या तोंडासमोर. त्या तशा मितभाषी, ओरडल्या नाहीत की काही नाही.

"चिंधाअण्णा," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरची सगळी बाळंतपणं मी केली. धाकटा पायाळू होता, आठवतं का? त्या दिवशी तुम्ही माझ्या दाराशी बसून रडत होता. माझ्या घरात पुरुष आहे का, असं तेव्हा तुम्ही विचारलं नाही."

हे सगळं आळीनं ऐकलं. माळवदावर वाळवण घालणाऱ्या बाया हात थांबवून उभ्या राहिल्या. चिंधाअण्णांनी माझ्या हातातला माइक हिसकला आणि म्हणाले की मी असं कधी म्हटलंच नव्हतं, तेही गावभर ऐकू गेलं. मग आतून त्यांची बायको आली, त्या धाकट्याला कडेवर घेऊन. ती नवऱ्याशी बोललीच नाही. बेबाबाईंना म्हणाली, पापड लाटायचेत, तुम्ही दोघी कधी येता? झालं, जागेचा प्रश्न मिटला. परत येताना पुष्पाबाई आमच्याबरोबर दुकानापर्यंत आल्या. दाराशी आल्यावर हातगाडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमचं नाव मंडळात घाला. त्यांचे डोळे भरले होते. मी कर्णा पुसत बसलो.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात झमकूकाकी परत आल्या. या वेळी न कळवता. मिश्रीलाल बाजारात होता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. दोन ताटं, दोघांच्या मापाचे एकाच कापडाचे सदरे, एकच मच्छरदाणी. मी उभा राहिलो तो उभाच. त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "दिल्लीला माझा भाऊ राहतो. त्याला विचारलं. असं मंडळ तिथे नाही."

मी काहीतरी सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"मला दिसतं ते दिसतं. तू तोंडानं सांगू नको. सांगितलं की मला घरी जाऊन उत्तर द्यावं लागेल." मग पिशवी आवरत, "भुसावळला मी निरोप दिला आहे, मुलगा वचनात बांधलेला आहे म्हणून. त्याचं दुपारी डोकं धरतं, उन्हात पाठवत जाऊ नको."

मिश्रीलाल आला तेव्हा त्या निघायच्या तयारीत होत्या. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवीतून खाकऱ्यांचा डबा काढला, आणि तो त्याच्या हातात न देता माझ्या हातात दिला. एसटी सुटेपर्यंत तो खिडकीचा गज धरून उभा होता. परत आल्यावर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र खाकरे दोघांनी मिळून संपवले.

इकडचं वर्तमान असं आहे. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, पत्र मिळाल्यावर रागावायचं असेल तर अर्ध्या तासात उरकून घे.

तुझा धाकटा,
पितांबर

ता. क. एक लिहायचं राहिलं. आपल्या आबांनी माझ्यासाठी जीवराम पाटलांची मुलगी बघितली आहे आणि ते अक्षय्य तृतीयेला बोलणी करणार आहेत. मी त्यांना निरोप धाडला की मंडळाची परवानगी धुळे शाखेकडून येते आणि धुळे शाखेची प्रमुख तू आहेस. तेव्हा ते तुझ्याकडे येतील. परवानगी देऊ नको. लग्न झालेली बाई अविवाहित मंडळाची प्रमुख कशी असं ते विचारतील, तर म्हणावं की त्या जागेवर अनुभवी माणूस लागतं.

आणखी ता. क. मिश्रीलालने पत्र वाचलं. म्हणतो, चार पानं लिहिलीस आणि मुद्द्याचं लिहिलंच नाहीस. तर ते असं की मला मंडळाचं काही पडलेलं नाही. मला याच्याबरोबर राहायचं आहे, म्हातारपणीसुद्धा. तुला हे ठाऊक असणार. पण मी सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं.

शेवटचं ता. क. पत्र टाकायला जिना उतरलो तर दारात आबा उभे, हातात वळकटी. मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, आपली माय गेल्याला वर्ष नाही झालं आणि भाऊबंद त्यांनाच बोहल्यावर चढवायला निघाले आहेत, भाकरी कोण करील म्हणून. बोलणी झाली म्हणे, पण माझी नाही, त्यांची. बराच वेळ पाटी वाचत उभे राहिले. मग हळूच विचारलं, "यामा बायको मरेल मानूस चालस का रे?" मी म्हटलं, बायको गेलेला माणूसही चालतो.

आत्ता वर बसून मिश्रीलालच्या हातची डाळ तिसऱ्यांदा वाढून घेत आहेत. धुळे शाखेचं राहू दे. एक मच्छरदाणी तेवढी पाठव, आबांसाठी.