माणिक टॉकीज, पालम: माझ्यामागची व्यवस्था

मी, परमेश्वर माणिकराव लोहट, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा चित्रपटगृह, राहणार पालम, जिल्हा परभणी, कोणाच्याही दाबाखाली न येता, राजीखुशीने हे लिहून ठेवतो. माझी शुद्ध शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांबद्दल त्यांनी दाखल्यात लिहिले नाही, पण या वयात असे कान पाहिले नाहीत असे तोंडाने म्हणाले. डोक्यात गोंधळ आहे हे मी कबूल करतो. शुद्धीवर आहे म्हणूनच तो आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दोनदा करायला बसलो आणि दोनदा उठलो.

माझे वारस तीन. पत्नी विमला, मुलगा शंतनु, जो पुण्यात एका मल्टिप्लेक्स कंपनीच्या हिशेब खात्यात आहे, आणि मुलगी प्राची, परभणीला शिक्षिका.

कलम १. राहते घर विमलाच्या हयातीत तिचे, तिच्या मागे दोन्ही लेकरांचे निम्मे निम्मे. बँकेतील ठेव सगळी प्राचीला. शंतनुच्या शिक्षणावर जेवढे लागले तेवढे तिच्यावर लागले नाही. ती कधी बोलली नाही, पण मी ते ऐकले आहे.

कलम २. सोनपेठचे टॉकीजवाले माधवराव यांना माझे माणसे मोजायचे यंत्र द्यावे, अंगठ्याने दाबायचे ते. सिनेमाच्या धंद्यात परभणी जिल्हा आजही निजाम सर्किटमध्ये, म्हणजे हैदराबादच्या वितरकांच्या इलाख्यात धरतात, म्हणून आमच्याकडे सिनेमाच्या पेट्या हैदराबादहून यायच्या. त्या पेटीसोबत वितरकाचा माणूस म्हणून मी बारा वर्षे गावोगाव हिंडलो. वितरकाचा वाटा चुकवायला थिएटरवाला प्रेक्षक लपवतो का, हे बघायचे काम. अठ्ठ्याऐंशी साली माधवरावांनी मला ऑफिसात बसवून मटण वाढले आणि मागच्या दाराने माणसे आत सोडली. मी हाड चोखत भिंतीपलीकडच्या खुर्च्या ऐकत होतो. एकेचाळीस. ते आजही सत्तावीस म्हणतात. पुढे मी स्वतः टॉकीज बांधली, तेव्हा येणाऱ्या प्रतिनिधीला कुठे बसवून काय वाढायचे हे मला त्यांच्यामुळे ठाऊक होते. म्हणून यंत्र त्यांना. राग संपला. आकडा एकेचाळीसच.

कलम ३. माणिक टॉकीज, खुर्च्या चारशे बारा, पैकी बसण्यालायक तीनशे ऐंशी. खरा घोळ इथे आहे. शंतनुने बिल्डर आणला आहे: टॉकीज पाडायची, खाली दुकाने, वर मंगल कार्यालय. प्राची म्हणते, पाडू नका. कोणाच्या नावे करतो त्यावर पडणार की राहणार हे ठरेल, आणि मला दोन वर्षे ते ठरवता आलेले नाही, कारण हा धंदा मला कळेनासा झाला आहे.

गेल्या साली दक्षिणेकडचा एक डब सिनेमा चार आठवडे तुडुंब चालला. माणसे पायऱ्यांवर बसली. पाचव्या आठवड्यात मुंबईचा मोठा सिनेमा लावला, तर पहिल्या खेळाला अकरा माणसे. गावात विचारले. एक म्हणाला, कापसाला भाव नाही. भाव आधीचे चार आठवडेही नव्हता. दुसरा म्हणाला, तिकीट महाग. माझे तिकीट ऐंशी रुपये. तोच गडी एसटीने नांदेडला जाऊन अडीचशेच्या खुर्चीत बसून आला होता; सिनेमाची कथा त्यानेच मला सांगितली. हैदराबादच्या वितरकाला फोन केला, तर तिकडे म्हणे तालुक्याच्या गावातही सकाळी सातला रांग लागते. सर्किट एकच, मग रांग पालमपर्यंत का येत नाही? हे वाचणाऱ्या कोणाला कळले तर त्याने माझ्या लेकरांना सांगावे.

दिवाळीत शंतनुला विचारले.

‘‘अण्णा, तुमी तिकिटं मोजायलाव, तिथंच चुकायलाव,’’ तो म्हणाला. ‘‘पुणं असू द्या न्हाईतर हैदराबाद, तिकिटातलं निम्मं वितरक नेतो. उरलेल्यात लाईटबिल न् पगार. मालकाला सुटतं ते पॉपकॉर्नवर.’’

‘‘मग पिक्चर कशाला लावायचा?’’

‘‘लोकांना भूक लागावी म्हणून.’’

मी हसलो. हसण्यासारखे नव्हते, हे आठ दिवसांनी कळले.

वकील राजेश्रीताई मसुदा घेऊन घरी आल्या. त्यात ‘स्वकष्टार्जित मिळकत’ असे लिहिले होते. वाचून मला बरे वाटले. त्या म्हणाल्या, ‘‘काका, पैसा कशातून आला तेवढं लिहून ठेवू. पुढं भांडण नको.’’ विमला तिथेच टॉकीजच्या कँटीनसाठी मिरच्यांचे देठ काढत बसली होती.

‘‘प्लॉट?’’

‘‘माझ्या पगारातून.’’ हे खरे आहे.

‘‘बांधकाम?’’

‘‘बँकेचं कर्ज. टॉकीजनं फेडलं.’’

‘‘टॉकीजनं न्हाई,’’ विमला म्हणाली. ‘‘भज्यांनी.’’

‘‘असं कसं?’’ मी म्हणालो.

‘‘दर पेटी सोडवायला तुमी माझ्याकडूनच पैसे न्यायचे. पेटी परत गेली की तिकिटाच्या गल्ल्यात वजाच. मग हप्ता कशानं भरला?’’

‘‘खुर्च्या?’’ राजेश्रीताईंनी विचारले.

मी विमलाकडे पाहिले.

‘‘चहा,’’ ती म्हणाली. ‘‘दोन सालाचा.’’

‘‘आणि डिजिटल मशीन?’’

‘‘समोसे. शंतनु पुण्याला शिकायला गेला त्याच साली. त्याची फीस बी त्याच्यातच.’’

त्या गेल्यावर मी ट्रंकेतल्या जुन्या पावत्या काढून बसलो. ती चुकली असेल अशी आशा होती. एका जागी चुकली होती. छताचे पत्रेही तिच्याच पैशाचे होते, ते ती विसरली होती.

कँटीनचे भाडे मी तिच्याकडून कधी घेतले नाही, म्हणून आजवर स्वतःला दिलदार समजत आलो. तिला पगारही दिला नाही, हे ध्यानातच आले नव्हते. आणि अकरा माणसे आली त्या दिवशीसुद्धा सहा प्लेट मिरची भजी गेली होती. लोकांच्या भिंतीपलीकडचे ऐकणाऱ्या मला घरच्या कढईचे ऐकू आले नाही.

राजेश्रीताई म्हणतात, कायद्याने नाव माझेच आहे, मी कोणालाही देऊ शकतो. तसे असेल तर माणिक टॉकीज, जमीन, इमारत, परवाना आणि सामानासह, पत्नी विमला हिला पूर्ण मालकीहक्काने. पाडायची, ठेवायची की विकायची, हे ती एकटी ठरवील. शंतनुने तिला कागदावर आकडे मांडून दाखवू नयेत. तिला ते त्याच्याआधीपासून येतात.

कलम ४. ऑपरेटर दत्ता याला जुने प्रोजेक्टर द्यायचे होते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असे समजले, आणि साक्षीला त्याच्याइतका भरवशाचा माणूस नाही. म्हणून ते त्याला कालच हाताने देऊन टाकले. त्याचा या कागदाशी संबंध नाही.

कलम ५. वरील सर्व विमलाला वाचून दाखवले आणि विचारले, ‘‘मग? पाडणार का ठेवणार?’’

‘‘मला काय ठाऊक? मी कव्हा सिनेमा बघितलाय?’’

मला वाटले चेष्टा करते. एकतीस वर्षे ती टॉकीजमध्ये आहे.

‘‘इंटरव्हलच्या आधी तळण, इंटरव्हलला गर्दी, मागून भांडी,’’ ती म्हणाली. ‘‘आतून आवाज येतो तेवढाच. एकदा पहिल्यापासून शेवटापर्यंत बघते. लोक कशाला येतेत ते तर कळू द्या. मग सांगते.’’

सबब, येत्या रविवारी तीनच्या खेळाला विमला बाल्कनीत मधल्या खुर्चीवर बसेल. तिचे ठरेपर्यंत बिल्डरने जागेत मापाची दोरी लावू नये. त्या खेळाला कँटीनवर मी उभा राहीन. मी हयात नसल्यास कँटीन बंद राहील.

लिहून ठेवणार: परमेश्वर माणिकराव लोहट (सही)

आमच्यासमक्ष वाचून, समजून सही केली:
१. दत्ता गंगाराम शिंपले, ऑपरेटर (सही)
२. चांगुणाबाई किशनराव ढगे, लेडीज गेट (सही, अंगठा नको म्हणाल्या)

ठिकाण: पालम
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार