रोट कुळाबाहेर गेला

पांडेसरा, सुरत
६ ऑगस्ट २०२५

ती. विकासदादास गायत्रीचा शि. सा. नमस्कार.

सोबतची राखी वहिनीच्या हातून बांधून घे. फोन यांच्याकडे असतो, म्हणून पाकिटात चिठ्ठी घालतेय. राखीचं पाकीट इथे कोणी उघडत नाही.

रविवारी घरी कानबाई देवी बसली. शेजारच्या मिनतीला सातवा महिना आहे. ती ओडिशाची, माहेर लांब. नैवेद्याच्या गोड रोटाचा वास आला तसा तिने मागितला. रोट कुळाबाहेर देत नाहीत हे मला कळतं, पण गर्भारशीला नाही कसं म्हणायचं? दिला. सासूबाईंनी पाहिलं. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत हे माइकवरून म्हणाले की ओडियांनी आपली कानबाई बाटवली, त्यांना गल्लीतून हाकला. संध्याकाळी मिनतीच्या नवऱ्याला मारलं. लूमवरचा कारागीर, त्याचा हातच मोडला. मी गॅलरीतून पाहिलं. गल्लीतली चार पोरं होती, आणि पाचवे हे.

आपली खानदेशची माणसंही पोटासाठीच इथे आली ना रे? मला संताप येतो आणि भीतीही वाटते. हे म्हणतात की मी नुसता बोललो, बोलण्याचा कुठे गुन्हा होतो? पोलीस माझा जबाब घेणार आहेत. वकीलसाहेब, काय सांगू?

माया पातळ करू नकोस.
तुझी गायत्री


धुळे
११ ऑगस्ट २०२५

चि. सौ. गायत्रीस अनेक आशीर्वाद.

सुरतेला साडी पाठवतोय, हसशील. पत्र घडीत आहे.

गजेंद्ररावांचं माइकवरचं बोलणं हाही गुन्हाच आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण पाच किंवा जास्त जणांनी मिळून कुणाची भाषा, मुलूख बघून हाड मोडलं, तर ते कलम वेगळं आणि जड, सात वर्षांपर्यंत. चार असले तर ते लागत नाही. तुझा नवरा आहे, हे जाणूनच लिहितोय. तरी तू पाच पाहिलेस, तर पाचच सांग. नंतर इकडे निघून ये.

इकडचा जीव तुझ्यापाशी आहे.
तुझा दादा


पांडेसरा, सुरत
१९ ऑगस्ट २०२५

श्री. विकासभाऊ यांस गजेंद्रचा स. न. वि. वि.

साडी पोचली. रंग छान आहे, गायत्रीला दिली. घडीतलं पत्र मी वाचलं. एवढं सोपं करून इथल्या वकिलानेसुद्धा सांगितलं नव्हतं, आभारी आहे.

गायत्रीचा जबाब काल झाला. आई सोबत गेली होती. मारणारे चार होते आणि मी तेव्हा घरी जेवत होतो, असं तिने सांगितलं. मिनतीचं कुटुंब गावी निघून गेलं. गल्ली शांत आहे.

आता माझ्यावर फक्त माइकचं कलम उरलं. त्याचं वकीलपत्र तुम्हीच घ्या, घरचा माणूस असताना बाहेर कशाला जाऊ? गायत्रीचीही हीच इच्छा आहे, माझ्यासमोर म्हणाली. तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही. पण तिला याच घरात राहायचंय, तेवढा विचार करावा.

घरोबा आहे तसाच ठेवावा.
आपला,
गजेंद्र